काहिआउच्या शाळेसाठी तुझी सही

पापाइकोऊ, २४ जानेवारी

प्रिय नोहेआ,

आधी तुझं मनगट कसं आहे ते सांग. लास वेगासच्या हॉटेलातल्या त्या जाडजूड गाद्या उचलून सुजलं होतं असं उडत उडत कानावर आलं. गरम मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत जा, आणि कुणीतरी मागून हाक मारली तरी लगेच उठू नकोस. आमच्या जावयाची, रॉन्सनची साखर आता कशी आहे? गाडी चालवता चालवता गोड पाणी पीत बसतो तो, मला ठाऊक आहे. त्याच्या आईचा गुडघा? लुर्देसबाईंना म्हणावं, इथे आमच्या चर्चमधल्या निम्म्या बायका गुडघे धरूनच देवापुढे बसतात, त्यांनी एकटं वाटून घेऊ नये. आणि धाकट्या नाइनोआचा कान फुटला होता तो बरा झाला का? त्याला अजून मी फोटोतच पाहिलंय, पण भुवया थेट तुझ्या बाबांच्या घेऊन आलाय.

इकडे मी बरी आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, म्हणून मी पायऱ्यांशी भांडण काढलंय आणि मागच्या दाराने ये-जा करते. तुझ्या थोरल्या काहिआउचा समोरचा दात पडला. हसली की खिडकी उघडल्यासारखी दिसते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी चर्चच्या सभागृहात जे झालं ते मी या कागदावर काढणार नाही. तू म्हणालीस, काहिआउला घेऊन जाते. मी म्हणाले, हानाई दिलेलं पोर परत मागायला ते काय शेजाऱ्याकडून आणलेलं पातेलं आहे? एवढंच झालं आणि तेवढं पुरे झालं. पहिलं नातवंड आजीआजोबांच्या ओटीत घालायचं, हानाई द्यायचं, ही आपल्यात कितीक पिढ्यांची रीत. तू ती पाळलीस तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता, तो अजून तसाच आहे.

आता बातमी. मी काहिआउचं नाव एका नव्या शाळेत घातलंय. के कहावाई. वर, जुन्या साखर कारखान्याच्या गोदामाशेजारी आहे ती. चार्टर शाळा म्हणतात तिला. दचकू नकोस, खाजगी नाही. सरकारचीच शाळा, फी एक पैसा नाही, फक्त चालवतात आपली माणसं, सरकारशी करार करून. शिकवणं सगळं आपल्या हवाईयन भाषेत. करारात लिहिलेलं केलं नाही तर सरकार कुलूप लावतं. म्हणजे मोकळीकही आहे आणि मानेवर सुरीही.

आत्ताच्या शाळेबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात मी उभा जन्म काढला, त्यातल्या निम्म्या मास्तरांना मी भात आणि ग्रेव्ही वाढून मोठं केलंय. पण काहिआउ तिथे बोलत नाही. हुशार आहे, सगळं येतं, पण वर्गात तोंड उघडत नाही. तिची बाईही मला आजीच म्हणते. म्हणाली, "टुटू, ही कोपऱ्यात बसते आणि मला चाळीस जणांच्या गोंगाटात तिचा विसर पडतो. मला स्वतःचीच लाज वाटते." इतकं सरळ बोलणारी बाई मिळाली म्हणून मी नवी शाळा शोधायला हलले.

जागा थोड्या, नावं पुष्कळ, म्हणून सोडत काढतात. अर्ज मी भरलाय. तुला काही करायचं नाही. तू नुसतं चांगलं चिंत.

तुझी आई


पापाइकोऊ, १३ मार्च

प्रिय नोहेआ,

नाव निघालं!

सगळ्यांसमोर सोडत काढली. कोआच्या लाकडाच्या मोठ्या परातीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि हात घालायला बाहेरगावच्या एका बाईंना बोलावलं होतं, कुणाशी नातं नसलेल्या. शाळेच्या मंडळावर बसणाऱ्या एका माणसाचा सख्खा नातू यादीत खाली राहिला, आणि तो माणूस टाळ्या वाजवत बसला होता. ते पाहून मला शाळेबद्दल पहिल्यांदा खरा भरवसा वाटला. काहिआउचं नाव पुकारलं तेव्हा शेजारचा विल्फ्रेड अंकल, ज्याची नातवंडं आधीपासून तिथे आहेत, माझ्या कानाशी म्हणाला, "हॅरिएट, आता तुझी सुटका नाही. ही शाळा पोराला नाही घेत, अख्ख्या घराला घेते." मला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. मग मी जाऊन नीट पाहिलं. तू आई आहेस, तुला खरं कळलं पाहिजे, म्हणून चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

शाळेची बस नाही. पोरं पोचवायची ती आपण. विल्फ्रेडची सून आणि मी आळीपाळीने गाडी काढणार. स्वयंपाकघर नाही. डबा घरून न्यायचा. इमारत म्हणजे दोन जुन्या खोल्या आणि तीन मोठे तंबू, कारण सरकार शिकवण्याचे पैसे देतं, छपराचे देत नाही. पाऊस आला की कुमू, म्हणजे तिथल्या बाई, शिकवायच्या थांबतात आणि पोरं छपरावरचा पाऊस ऐकत गाणी म्हणतात. हवामान आपल्याकडचं, तेव्हा गाणी भरपूर येत असणार. प्रत्येक घराने महिन्यातून एक शनिवार अळूच्या खाचरात उतरून काम करायचं. इंग्रजी वाचन वरच्या इयत्तेत सुरू होतं, त्यामुळे पहिली काही वर्षं सरकारी परीक्षेत ही पोरं मागे दिसतात.

आणि चांगलं असं, की मंडळाची बैठक सगळ्यांना खुली असते. मी जाऊन बसले. कुणी हाकललं नाही, उलट खुर्ची दिली. करार कधी संपतो, बाई किती दिवस टिकतात, ज्या पोराला जास्त मदत लागते त्याचं काय करता, असं सगळं विचारलं. गोड बोलून कुणी टोलवलं नाही. मदत लागणाऱ्या पोराला नाही म्हणता येत नाही, कायदाच आहे, हेही तिथेच कळलं. जे त्यांना ठाऊक नव्हतं त्याला "माहीत नाही, शोधून सांगतो" असं म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात खरंच फोन आला.

आता जे सांगायला कचरत होते ते.

अर्जावर आईच्या नावाच्या जागी मी माझं नाव घातलं होतं. हानाई दिली की वाढवणारी तीच आई, मला त्यात दुसरं काही सुचलंच नाही. शाळेच्या कचेरीतल्या लुआनाने जन्मदाखला पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "टुटू, मीही आजीकडेच वाढले. पण हे सरकारच्या कागदाला कळत नाही. सही जन्मदात्या आईची लागते, नाहीतर कोर्टाचा पालकत्वाचा कागद." कोर्टाचा कागद माझ्याकडे नाही. आपल्यात पोर ओटीत घालताना वकील कोण बोलावतो?

एप्रिल संपायच्या आत तुझी सही पोचली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोराला जाईल. मी थांबा म्हणून पाहिलं. लुआना म्हणाली, कुणासाठीच थांबत नाही. रागही आला आणि पटलंही.

कागद सोबत जोडलाय. सही कर, नोहेआ.

तुझी आई


पापाइकोऊ, १० एप्रिल

प्रिय नोहेआ,

तुझं पत्र आलं. सहा ओळींचं का होईना, आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी आधी चहा केला, मग बसले.

तू लिहितेस, तूही काहिआउचं नाव तिकडे वाळवंटात, लास वेगासमध्ये, एका चार्टर शाळेत घातलं होतंस आणि तिथेही तिचा नंबर लागला. तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखी, पक्की इमारत, गार हवा, प्रत्येक पोराला कॉम्प्युटर. तू लिहितेस, "मी तिला दिली, टाकली नव्हती. आणि तिच्या शाळेच्या कागदावर माझं नाव खोडून तू तुझं लिहिलंस." खोडलं नव्हतं ग. पण वाचताना तुला तसं लागलं असणार, हे मला आता दिसतं.

मी उत्तर दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

तुझ्या शाळेला मी नावं ठेवणार नाही, पाहिलेली नाही. पण जे मी इथे विचारलं ते तूही तिथे विचार. शाळा चालवतो कोण, तिथलीच माणसं की लांबची कंपनी? गेल्या वर्षीच्या किती बाई यंदा आहेत? करार कधी संपतो? वर्षाच्या मध्येच किती पोरं सोडून जातात, आणि का? आधी चालू वर्गात जाऊन मागे बसता येतं का? नाही म्हणाले तर सावध हो. भिंती किती पक्क्या आहेत ते शेवटी विचार. उत्तरं चांगली आली तर मला तसं लिही. मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण मागच्या दारी बसून.

आता काल काय झालं ते ऐक. नव्या पोरांना ओळख व्हावी म्हणून शाळेने एक सकाळ ठेवली होती. तिथे आत जायची एक रीत आहे. फाटकाबाहेर उभं राहून ओली म्हणायची, म्हणजे स्वर लावून आत येऊ का असं विचारायचं. आतल्यांना मनापासून वाटलं तरच ते उत्तराची ओली म्हणतात. तोवर उभं राहायचं. गडबडीने म्हटलं, पुटपुटलं, तर आतून काहीही येत नाही.

काहिआउने म्हटलं. तुला तिचा आवाज माहीत आहे, मांजरीच्या पिल्लासारखा. आतून काही नाही. बाकीच्या पोरांना उत्तर मिळालं होतं, ती आत गेली. ही एकटी बाहेर. माझं रक्त उसळलं. असल्या लाजऱ्या पोरीला असं उभं करून ठेवतात? मी फाटकाकडे निघाले होते, विल्फ्रेडने माझी बाही धरली आणि म्हणाला, "तू आत शिरलीस तर ती कधीच शिरणार नाही."

पोरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पाय फाकवून उभी राहिली, तू रागावलीस की राहतेस तशी. आणि असा आवाज काढला, नोहेआ, की गोदामाच्या पत्र्यावरची पाखरं उडाली. तो या एवढ्याशा जिवात कुठे होता इतकी वर्षं? आतून सगळी शाळा एकदम उत्तराला उठली. मला रडू आवरेना, आणि विल्फ्रेड नाक शिंकरत डास चावल्याचं नाटक करत होता.

आत मोठ्या कुमूने विचारलं, तू कुणाची? आपल्यात कुळ सांगायचं असतं, तसं. मी मान ताठ करून उभी होते, माझं नाव येणार म्हणून. काहिआउ म्हणाली, "मी नोहेआलानीची मुलगी. ती वाळवंटात काम करते. मला हॅरिएटने वाढवलं."

तुझं पूर्ण नाव, आणि या क्रमाने. कुणी शिकवलं नव्हतं. क्षणभर मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, हिला स्वतःचा पत्ता माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. आणि तो माझ्याच घरात राहून तिला कळलाय, तेव्हा मी काही अगदीच वाईट वाढवलेलं नाही.

म्हणून आता मी 'सही कर' म्हणत नाही. तू ये. पाहा. मंडळाची बैठक बावीस तारखेला आहे, दुसऱ्या दिवशी खाचरातलं काम. मग तू ठरव. तू तिला तिकडे न्यायचं म्हणालीस तर तिची पिशवी मी भरून देईन. बोलताना माझा आवाज कापेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी आई


पापाइकोऊ, १ मे

प्रिय नोहेआ,

तू सुखरूप पोचलीस हे रॉन्सनने कळवलं. तुझ्या बुटांतला चिखल विमानात सांडला का?

तू इथे होतीस तेव्हा आपण दोघी काहिआउविषयी सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोललो. तुझ्या हातचं शोयू चिकन खाल्लं, शेजारणीची निंदा केली, बाबांच्या कबरीवर फुलं ठेवली. जाताना तू म्हणालीस, "बघते आई." एवढंच. मी फाटक धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, गेली पोरगी.

तुझ्या नजरेआड काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. त्या बैठकीत तू मागून उठून विचारलंस ना, की उद्या सरकारने तुमचा करार मोडला तर माझ्या मुलीची जागा कुठे? मी इतके प्रश्न विचारले, पण हा मला सुचला नव्हता. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, ही कोण? मी म्हटलं, "माझी." असं म्हणताना खुर्चीत दोन बोटं उंच झाले असेन.

आणि मंडळाच्या अध्यक्षाने काही लपवलं नाही. करार दोन वर्षांनी संपतो, वाचनात आम्ही कमी पडतोय, बंद पडलीच तर पोरीला तुमच्या वस्तीच्या सरकारी शाळेत हक्काने जागा आहे, पण मधल्या काळात तिचं मन मोडेल त्याला माझ्याकडे उपाय नाही, असं म्हणाला. तू खाली बसलीस तेव्हा मला वाटलं, संपलं. एवढं खरं ऐकून कोण पोर ठेवील?

काल लुआनाचा फोन आला. म्हणाली, टुटू, जागा पक्की झाली. मी म्हटलं, सही कुणी आणली? तेव्हा कळलं. विमानतळ एका टोकाला, शाळा दुसऱ्या. भाड्याची गाडी उलटी फिरवून तू शाळेत गेली होतीस. लुआना सांगत होती, कचेरीच्या दाराबाहेर थांबलीस, हळू आवाजात ओली म्हटलीस, आणि शाळा सुटल्यावर झाडलोट करणाऱ्या पोरांनी आतून उत्तर दिलं. मग बसून सही केलीस. लुआनाला म्हणालीस म्हणे, जो माणूस माझ्या तोंडावर स्वतःचं उणं सांगतो त्याच्याकडे मी मूल ठेवू शकते. वेगासच्या शाळेत मला रंगीत पुस्तिका दिली आणि वर्गात मागे बसू दिलं नाही, असंही म्हणालीस.

आज तुझं पत्रही आलं. अटी वाचल्या. कागदावर आई तूच. मोठ्या सुट्ट्या तिकडे, ऑक्टोबरपासून सुरुवात. आणि दर वर्षी दोघींनी नव्याने ठरवायचं, मी एकटीने नाही, तूही एकटीने नाही. शेवटची अट गिळायला मला जरा वेळ लागला. जुन्या रीतीत असं नव्हतं. पण जुन्या रीतीत वाळवंटही नव्हतं. मला मान्य आहे.

आपल्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालंय. कुणी काहिआउचं अभिनंदन केलं की मी तुझं सांगते.

तुझी आई


पापाइकोऊ, २५ सप्टेंबर

प्रिय नोहेआ,

मनगटाला पट्टा बांधतेस हे वाचून बरं वाटलं. नाइनोआने शब्दाऐवजी भुंकायला सुरुवात केली आहे असं लिहितेस. काळजी करू नकोस, तुझा पहिला शब्द 'नाही' होता, त्यापेक्षा हे बरं. लुर्देसबाईंना गुडघ्यासाठी आपली नोनीची पानं पाठवते आहे, गरम करून बांधायची.

शाळेचं ठीक चाललंय, सगळंच गोड नाही. पावसाने एक तंबू फाडला. जी कुमू काहिआउची लाडकी झाली होती ती बाळंतपणासाठी गेली आणि पोरीने जेवण सोडलं. मग नवी आली, ती मासे पकडायला शिकवते, मग जेवण परत आलं. इंग्रजी वाचायला मी घरी घेते, तू सांगितल्याप्रमाणे. शनिवारी मी खाचरात उतरते. म्हणजे काठावर स्टूल टाकून बसते आणि इतरांना चुका दाखवते. त्यांनी मला त्यावरून काढून टाकलं आणि दुपारच्या जेवणावर नेमलं. आता तंबूमागे चुलीवर मी सगळ्यांसाठी पानात मांस गुंडाळून लाउलाउ उकडते. अळूची पानं हाताशीच. साठ माणसं बोटं चाटत उठतात.

काहिआउ बोलते. घरात, गाडीत, न्हाणीत, कोंबड्यांशी. मला गप्प बस म्हणायची पाळी आली आहे, आणि ते म्हणताना मला इतकं सुख होतं की मी दिवसातून तीनदा म्हणते.

तिची पिशवी भरून ठेवली आहे. नऊ ऑक्टोबरला सुट्टीसाठी तुझ्याकडे यायला विमानात एकटी बसणार, गळ्यात पाटी, शेजारी हवाईसुंदरी. घाबरलीस का विचारलं तर म्हणाली, टुटू, तिथे आईच्या दाराशीसुद्धा आधी ओली म्हणायची असते का? मी म्हटलं, म्हण. पण उत्तर यायची वाट पाहायला लागणार नाही.

मी इथे ठीक राहीन. कोंबड्या आहेत, विल्फ्रेड आहे, चर्च आहे.

एक मागणं आहे. ती निघायच्या आत एक पत्र लिही, मला नाही, तिला. आणि आपल्या भाषेत लिही. शाळेत असताना दोन वर्षं शिकली होतीस, ते आठवून लिही. चुकेल तुझं, चुकू दे. ती दुरुस्त करते, मला रोज करते. शाळेत ती बोलल्याबद्दल मार खाल्ला होता, म्हणून माझ्या आईने ती भाषा आम्हां पोरांपासून दूर ठेवली, तेव्हा ते पत्र मला वाचता येणार नाही. काहिआउ पायरीवर बसून मोठ्याने वाचेल आणि मी ऐकेन. तेवढ्यासाठी उद्याच लिहायला घे.

तुझी आई
हॅरिएट